लाल आकड्यांचा हंगाम

दिवाळी उरकली की साताऱ्याच्या माझ्या घरासमोरून उसाचे ट्रॅक्टर जायला लागतात. आधी कर्ण्यावरचं गाणं ऐकू येतं, मग ट्रॅक्टर, मग मागच्या दोन डुलणाऱ्या ट्रॉल्या आणि सगळ्यात शेवटी वास. ओल्या पाचटाचा, चिखलाचा, नुकत्या तोडलेल्या कांडीचा. मी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता थांबते. वास चांगला असतो, पण माझं नाक त्याच्या पुढचा वास शोधत राहतं. रस निघून साखर झाल्यावर जी काळी, दाट मळी उरते आणि टाक्यांत आंबायला लागते, तिचा वास. आंबूस, गोडसर, थोडा फुगलेल्या पिठासारखा, थोडा फार पिकलेल्या पेरूसारखा. तो वास साताऱ्यात कुठून येणार? पण दर वर्षी गळीत हंगाम लागला की मी तो हुंगते, आणि मग दिवसभर कशात लक्ष लागत नाही.

यंदा त्यात भर पडली ती माझ्या भाचीची. मुक्ता पुण्याला नोकरी करते. परवा आली ती कॉम्प्युटर घेऊनच. तिची कंपनी सिमेंटच्या भट्ट्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्याआधीच पकडते. तिनं मला पडद्यावर हिरव्या-निळ्या रेघा दाखवल्या.

"मावशी, हे बघ. आता कुठली झडप किती उघडायची, कुठं किती उष्णता द्यायची, हे यंत्र स्वतःच ठरवतं. क्षणाक्षणाला. तेवढ्याच विजेत कितीतरी जास्त वायू पकडला जातो."

"आणि पकडलेला वायू कुठं जातो?"

"काही ठिकाणी जमिनीत खोल सोडतात. काही ठिकाणी विकतात."

"आणि कुणी विकत घेतलाच नाही तर?"

ती हसली. "तू एकदम मॅनेजरसारखं विचारतेस. मग प्लांट बंद पडतो गं."

मी चहा टाकायला आत गेले आणि गॅस न पेटवताच ओट्याशी उभी राहिले.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती. कार्बन म्हटलं की आम्हाला आठवायचा तो टायपिंगचा निळा कागद. आभाळ तापतंय वगैरे कुणाच्या कानावर नव्हतं. मी साताऱ्यात बी.एस्सी. केलं होतं. वडील फौजेतून सुभेदार म्हणून परत आलेले, ‘पोरगी नोकरीला एकटी राहणार’ यावर भावकीत कुजबुज झाली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी बर्फात राहिलो, ती उसात राहील." अशी मी सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून लागले. त्या कारखान्याचं नाव आता पुसलं गेलंय, मीही ते लिहीत नाही. राहायला खोली कुंडलमध्ये मिळाली. सकाळी कारखान्याची गाडी येई. दोन्ही बाजूंना तुऱ्याला आलेला ऊस, मधून रस्ता, आणि उन्हाला चढायची घाई नसल्यासारखं धुकं.

डिस्टिलरीचं आंबवणघर म्हणजे एक उंच, अंधारी शेड. तिच्यात ओळीनं उभ्या लोखंडी टाक्या. मळीत पाणी आणि यीस्ट मिसळलं की टाकी जिवंत व्हायची. आधी पृष्ठभागावर चार बुडबुडे, मग खदखद, मग पिवळट फेसाचा डोंगर. शेडमध्ये उभं राहिलं की चारी बाजूंनी बारीक फसफस ऐकू येई, जणू खूप माणसं एकाच वेळी कुजबुजतायत. मळीतून दारू होताना तितकाच कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो. दिसत नाही, रंग नाही. हवेपेक्षा जड, म्हणून टाकीच्या काठावरून सांडतो आणि पाण्यासारखा खोलगट जागा शोधत जातो.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. तात्यांना माणसांवरून माहीत होतं.

तात्या मोहिते आंबवणघराचे मुकादम. तेही फौजेतले, हवालदार. मी सुभेदाराची मुलगी आहे हे कळल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी मला कडक सलाम ठोकला आणि मग स्वतःच हसले. मी यायच्या काही वर्षं आधी त्यांची दोन माणसं एका टाकीत गेली होती. पहिला साफसफाईला उतरला आणि पडला. दुसरा त्याला काढायला उतरला.

"दुसरा माजा चुलतभाऊ," तात्या म्हणाले. "म्या त्याला धरला न्हाई, ताई. कुनाला म्हाईत हुतं तवा? वाटलं, उचलून आनील."

तेव्हापासून कंदील दोरीला बांधून खाली सोडल्याशिवाय तात्या कुणाला कुठंही उतरू देत नसत. वात विझली की माणूस वरच.

त्या वर्षी कारखान्यानं तो वायू पकडायचा प्लांट बसवला. टाक्यांना झाकणं आली, झाकणांतून पाइप निघाले, पाइप कॉम्प्रेसरला गेले, आणि दाबून भरलेला वायू सिलिंडरांतून शीतपेयं बनवणाऱ्या एका फॅक्टरीकडं जाऊ लागला. शीतपेयांतले बुडबुडे आमच्या मळीतून जातात याचं मला फार हसू येई. तात्यांना मात्र प्लांट म्हणजे देवाची कृपा वाटली. शेडमध्ये सांडणारा वायू आता पाइपात जात होता. सकाळी आत शिरल्यावर डोकं जड होणं थांबलं होतं.

अडचण एकच होती. टाकी आंबायला लागते तेव्हा सुरुवातीच्या वायूत हवा मिसळलेली असते. तो भरला तर सिलिंडर फुकट. म्हणून तो आधी सोडून द्यायचा आणि वायू शुद्ध झाला की पाइपाला जोडायचा. पण शुद्ध झाला हे कळायचं कसं? मी नमुना काचेच्या नळीत घ्यायची, कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यातून न्यायची, किती विरघळला ते मोजायची. माझं उत्तर येईपर्यंत टाकी पुढं गेलेली असे. ऑपरेटर बिचारे धास्तीनं उशिरा जोडत आणि चांगला वायू तासन् तास आभाळात जाई.

यावर तोड काढली ती भूपाल मगदूम यांनी.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. रेडिओ, स्टार्टर, पॅनेल, जे येईल ते. तिशीतला माणूस, डोळ्यांवर जाड चष्मा, बोटं मात्र दागिने घडवणाऱ्या सोनारासारखी. वर्कशॉपमध्ये राळेचा धूर, वितळलेल्या कथलाचा वास आणि कोपऱ्यात कानडी गाणी लावलेला रेडिओ. आमचे मॅनेजर देशमाने साहेब त्यांच्याकडून मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करून घेत. त्यांनीच मला एकदा तिकडं नेलं. मी माझी अडचण सांगितली. भूपाल ऐकत होते, हातातलं काम चालूच होतं.

"अक्का," ते म्हणाले. त्या भागात ताईला अक्का म्हणतात. ते माझ्याहून मोठे असून पहिल्या भेटीपासून मला अक्काच म्हणत. "तार तापवून वायूत ठेवली तर? हवेत तार लवकर निवती. तुमचा वायू उष्णता नीट वाहून न्हेत न्हाई, त्यात ती जास्त तापंल. जास्त तापली की वीज आडंल. तेवढं मोजायचं."

"आणि दाखवायचं कसं? काटा?"

"काटा कशाला? आकडा दाखवू." त्यांचे डोळे चष्म्यामागं एकदम लहान मुलासारखे झाले. "मुंबैत आता लाल आकड्याचे दिवे मिळायला लागल्यात. काट्याकडं बघून मानसं वाद घालत्यात. आकड्याशी कोन भांडनार?"

पुढचे आठवडे मी सुटीच्या दिवशी सांगलीला जाऊन तिथून कुपवाड गाठायची. कमलवहिनी, त्यांची पत्नी, वर्कशॉपच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा त्यांच्या घरचा धर्म. ऊन कलू लागलं की वहिनी दारात येऊन नुसत्या उभ्या राहत. बोलत नसत. भूपाल वर न बघता म्हणत, "आलो." मग भाकरी, दोडक्याची भाजी, दाण्याची चटणी. मला आग्रह करून बसवत. जेवताना भूपाल भाकरीच्या तुकड्यानं ताटात सर्किट काढायचे आणि वहिनी म्हणायच्या, "खावा आधी, मग त्यात वीज सोडा."

ते घर मला का इतकं आठवतं? काहीच घडत नसे तिथं. पण दोन माणसं एकमेकांच्या इतक्या अंगवळणी पडलेली असतात की मध्ये शब्द लागत नाहीत, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. माझं लग्न व्हायचं होतं. मला वाटे, व्हावं तर असं.

मकरसंक्रांतीच्या सुमाराला मीटर बसला. पत्र्याचं खोकं, पुढं काळी काच, काचेत वायू शेकडा किती ते सांगणारे लाल आकडे. टाकीतून आलेला वायू एका बारीक नळीतून पंप खेचून आणी, वाटेत तो कोरडा होई आणि तापलेल्या तारेजवळून जाई. मी माझ्या काचेच्या नळीशी ताडून पाहिलं. जमलं होतं. शेडच्या अंधारात ते आकडे निखाऱ्यासारखे दिसत. ऑपरेटर कामाशिवाय येऊन उभे राहत. तात्या तर पाहुण्यांना दाखवायला आणत.

"आमच्या टाकीचं मन वाचतंय ह्ये," ते सांगत.

टाकी शुद्ध झाली की त्याच क्षणी जोडता येऊ लागली. वाया जाणारा वायू सिलिंडरांत जाऊ लागला, सिलिंडरांची रांग शेडच्या दाराबाहेर आली, कॉम्प्रेसर तेवढाच फिरत होता. भूपाल एकदा म्हणाले, "अक्का, पुढं असं येईल की आकडाच झडप उघडंल. मानसानं नुसतं बघायचं." आज मुक्ताच्या पडद्यावर तेच होतं. मी तिला सांगणार होते की हे मी कुपवाडात ऐकलंय. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं.

शिमग्याच्या आसपास शीतपेयांची ती फॅक्टरी बंद झाली. का, ते आम्हाला कधी नीट कळलं नाही. आमचे भरलेले सिलिंडर उन्हात उभे राहिले. देशमाने साहेब वाईट माणूस नव्हते. सांगली, कोल्हापूर, पुणे असे गिऱ्हाईक शोधत फिरले. शेवटी त्यांनी कॉम्प्रेसर बंद करायला सांगितला. टाक्यांची झाकणं निघाली आणि वायू पुन्हा काठावरून सांडू लागला.

तात्या आणि मी साहेबांकडं गेलो. पाइप कॉम्प्रेसरला नको तर नको, निदान शेडच्या बाहेर, उंचावर सोडा, अशी विनंती केली.

"बाई, मला कळत नाही का?" साहेब थकून म्हणाले. "पाइप जोडणारा फॅब्रिकेटर गाळपाच्या कामातून मोकळा होत नाही. हंगाम संपू दे. पहिलं काम हेच करू."

ते खोटं बोलत नव्हते. पण टाक्या हंगाम संपायची वाट बघत नाहीत.

मीटरला आता मोजायला काही उरलं नव्हतं. मळीच्या वाफेनं तो गंजेल म्हणून भूपाल त्याला पुढच्या हंगामापर्यंत वर्कशॉपात ठेवायला न्यायला आले. भर दुपार होती. पत्रे तापून कडकडत होते. मीटर वर होता, पण नमुना खेचणारा पंप टाक्यांच्या पायथ्याशी एका खड्ड्यात बसवलेला. तात्यांनी कंदील सोडला. वात शांत जळत राहिली. त्यांनी तो तळाशी बराच वेळ ठेवला, मग वर घेतला आणि मान हलवली.

भूपाल शिडीनं खाली उतरले. जाता जाता म्हणाले, "अक्का, सोडवायच्या आधी एकदा बघून घेऊ या नीट चालतोय का. म्या नळीत फुंकतो, तुमी आकडा सांगा."

मी मीटरसमोर बसले. आकडा शून्याच्या जवळ होता. खालून पान्याचा ठणठण आवाज येत होता. मागच्या ओळीत एक टाकी एकाएकी उसळली. फेस काठावरून ओघळल्याचा आवाज आला. मळीचा गुण, अशा टाक्या मधूनच उसळत, आणि आम्हाला त्याची सवय होती.

आकडा हलला.

"चार," मी ओरडले.

"व्हय? बरं!"

"सात. अकरा."

"वाढतोय न्हवं? झक्कास!" खालून भूपाल हसत म्हणाले. "पंप ठीक हाय मग."

आणि मला कळलं. फुंकरीनं अकरा कधीच येत नाही. त्यांनी नळी टाकीपासून सोडवली होती. नळीचं तोंड खड्ड्यात होतं. मीटर खड्ड्यातली हवा मोजत होता, भूपाल श्वासात घेत होते ती हवा. आणि वायूला त्या लांब नळीतून वर यायला वेळ लागत होता. आकडा खरा होता, पण उशिराचा होता. मी वाचत होते ते मघाचं होतं.

"वर या! भूपालअण्णा, वर या!"

त्यांनी शिडी धरलेली मी पाहिली. एक पाय वर ठेवला. चेहरा वर केला, कुणीतरी हाक मारल्यावर करतो तसा. मग हात सुटला.

एक तरुण गडी खड्ड्याकडं धावला. तात्यांनी त्याला कमरेला मिठी मारून मागं ओढलं. तो हातपाय झाडत होता. "सोडा तात्या! दिसतोय की त्यो! हाताला लागंल!"

"एकाचं दोन करू नगासा!" तात्या ओरडत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "गप ऱ्हा रं! गप ऱ्हा!"

दाबाच्या हवेचा पाइप कुणीतरी आणला. तो खड्ड्यात धरून ठेवायचं काम माझ्याकडं आलं. हवा फूत्कारत खाली जात होती. भूपाल कुशीवर पडले होते, चष्मा बाजूला. माझ्यापासून ते इतके जवळ होते की त्यांच्या सदऱ्याची शिवण दिसत होती. उतरलं तर हात धरता आला असता, आणि उतरता येत नव्हतं. तात्यांनी कंदील सोडला. विझला. पेटवून पुन्हा सोडला. विझला. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत लिहिलेली असते, की बचाव करणाऱ्यानं आधी हवा खेळती करावी. त्या ओळीच्या आत किती वेळ असतो ते कुणी लिहीत नाही. किती वेळ गेला मला आजही सांगता येत नाही.

वात टिकली तेव्हा तात्या स्वतः दोर बांधून उतरले.

भूपाल जगले. मिरजेच्या दवाखान्यात ते बरेच दिवस होते. देशमाने साहेब रोज येत, व्हरांड्यात डबा मांडीवर घेऊन बसत आणि तो न उघडताच परत नेत. दोष कुणाला द्यावा हे चौकशीला आलेल्यांनाही कळलं नाही. कंदील सोडलेला होता, टाकीवर कुणाचा ताबा नव्हता. कुणाचा दोष सापडला असता तर बरं झालं असतं, असं मला कित्येकदा वाटलंय. रागावायला तरी कुणी मिळालं असतं.

मेंदूला प्राणवायू कमी पडला होता, डॉक्टर म्हणाले. काय परत येईल, काय नाही, ते हळूहळू कळेल.

ते हळूहळू कळत गेलं. चालता येऊ लागलं. जेवता येऊ लागलं. बोटं मात्र थरथरत. तार छिद्राजवळ नेली की बाजूला जाई. काही गोष्टी लख्ख आठवत, लहानपणची विहीर, शाळेतले मास्तर. अलीकडचं सगळं धुऊन गेलेलं.

पुढच्या हंगामात नवं गिऱ्हाईक मिळालं. पाइप आता उंच, शेडबाहेर काढलेले होते. साहेबांनी शब्द पाळला होता. मीटर पुन्हा लावला, पण तो चुकत होता. किती चुकतोय ते मी माझ्या काचेच्या नळीनं सांगू शकत होते. दुरुस्त करू शकत नव्हते. सांगलीचे, पुण्याचे कारागीर येऊन खोकं उघडून बघत आणि आदरानं बंद करत. अखेर मुंबईच्या कंपनीचं चकचकीत यंत्र आलं. भूपालांचा मीटर मी कापडात गुंडाळून कुपवाडला पोचवायला गेले. साताऱ्यात माझं लग्न ठरलं होतं; निरोपही घ्यायचा होता.

वर्कशॉप एका मेहुण्यानं चालवायला घेतलं होतं. रेडिओ तोच, गाणी कानडीच. भूपाल खुर्चीत बसले होते, स्वच्छ सदरा, नवा चष्मा. मी मीटर टेबलावर ठेवला. मेहुण्यानं वीज दिली. लाल आकडे उजळले.

भूपाल पुढं झुकले. खोक्यावरून हात फिरवला, कडा, काच, स्क्रू. बराच वेळ बघत राहिले.

"कुनी केलं ह्ये?"

"तुम्ही," मी म्हणाले.

ते मोठ्यानं हसले. "चेष्टा करतासा काय, अक्का? म्या आपला रेडिओ दुरुस्त करतो." मग पुन्हा खोक्याकडं वळले. "पन केलंय मात्र झक्कास. ज्यानं केलंय त्याला सांगा."

"सांगते," मी म्हणाले.

कमलवहिनी मला बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या. वसाहतीतल्या कारखान्यांची पाळी सुटली होती. सायकलींचा, एखाद्या स्कूटरचा लोंढा जात होता. आम्ही कडेला उभ्या राहिलो. वहिनींनी माझा हात धरला.

"आज तुमाला अक्का म्हनाले," त्या म्हणाल्या. "ऐकलंसा न्हवं?"

"हो, वहिनी. आठवलं त्यांना."

"आठवलं." त्या रस्त्याकडं बघत होत्या. "मला आदी ‘ए, ऐकलीस का’ म्हनायचे. कवा नाव न्हाई घेतलं, पन ‘ए’ म्हनायचे. आता ‘बाई, पानी देता का’ म्हनत्यात. ‘बसा की बाई, उभ्या का?’ म्हनत्यात." त्यांचा हात माझ्या हातात गच्च झाला. "सोताच्या घरात मला आवं-जावं करत्यात, अक्का. लय आदर करत्यात माजा."

सांगलीची बस आली, थांबली. कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं, घंटी मारली आणि बस निघून गेली. वहिनींनी हात सोडला नव्हता, आणि मीही सोडवून घेतला नाही.